बावीस की बत्तीस

वडील गेल्यावर माझ्याकडे दोन कागद आले. एक पोलीस ठाण्यातला. वडिलांचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा होतं, ते वारस म्हणून माझ्या नावावर करून घ्यायचं की सरकारजमा करायचं, एवढंच त्यावर लिहून द्यायचं होतं. दुसरा माझ्याच परवान्याचा अर्ज. मी नेमबाजी करतो, खेळासाठी हत्यार हवं होतं, आणि अर्जात एक रकाना होता: बोअर, म्हणजे नळीचं माप, कोणता. दोन्ही कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी चार महिने मोटारसायकलच्या डिकीत फिरवले.

आईने एकच अट घातली होती. घरात हत्यार एकच राहील.

"दोन दोन बंदुका कसाले? आपलं घर शे का ठाणं शे?"

म्हणजे प्रश्न सरळ होता. बाबांचं बत्तीस ठेवायचं, नाहीतर ते कायमचं देऊन टाकायचं आणि नवं बावीस घ्यायचं. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला दोन आकड्यांतला एक निवडायला चार महिने लागावेत, हे मलाही पटत नव्हतं.

मी शहाद्याला ज्युनियर कॉलेजात शिकवतो. घर प्रकाशा तीर्थाच्या अलीकडे, तापीकाठच्या गावात. केळी, ऊस, थोडा कापूस. बेचाळीस वर्षांचा आहे आणि रक्तदाबाची गोळी खातो. पाच वर्षांपूर्वी वर्गात एका मुलावर मी खडूचा डबा फेकून मारला होता. त्याला लागला नाही, भिंतीला लागला, पण डॉक्टर म्हणाले, मन एका जागी बसवणारं काहीतरी करा. लोक योगासनं करतात. मी एअर पिस्तूल धरलं.

सराव बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये चालतो. पत्र्याखालच्या कैच्यांना अजून जुना कापूस चिकटलेला आहे, वारा आला की तो खाली उतरतो आणि नेमका नेम धरताना नाकावर बसतो. शिकवणारे नवापूरकडच्या डोंगरातले, सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. घरी तिकडची आदिवासी कोकणी बोलतात, आमच्याशी शाळेतली मराठी बोलतात, आणि सगळ्यांना त्यांच्या धंद्यावरून हाक मारतात. मी त्यांचा मास्तर. दहा मीटरवर साडेचार मिलिमीटरचा छर्रा मारायचा, त्याला परवाना लागत नाही. पाच वर्षं मी तेवढंच केलं.

बाबांनी माझं पिस्तूल पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "याघाई चिडी बी मरस का?"

मी म्हटलं, चिमणी मारायचीच नाहीये. ते म्हणाले, "मंग काय पूजा करस याची?" आणि पिस्तूल परत दिलं. आमच्यात यापेक्षा लांब बोलणं क्वचितच व्हायचं.

पूजा मात्र त्यांच्याच हत्याराची व्हायची. वीस वर्षांपूर्वी त्यांनी परवाना काढला तो कागदावर रानडुकरांसाठी. खरं कारण शेजारचा शेतकरी. पाण्याच्या पाळीवरून बांधावर भांडण झालं, शब्दाला शब्द लागला, त्याने कुऱ्हाड उचलली, बाबांनी दगड. लोक मध्ये पडले म्हणून दोघं वाचले. त्यानंतर बाबा कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिले आणि एक दिवस रिव्हॉल्व्हर घेऊनच आले. राग त्यांच्या नाकावर असायचा. मला तो त्यांच्याकडूनच मिळाला, शेताच्या आधी.

त्यानंतर ते रिव्हॉल्व्हर त्यांच्या उशाशी पत्र्याच्या पेटीत, चामडी कव्हरमध्ये झोपून राहिलं. निवडणूक लागली की सगळ्या परवानेवाल्यांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. आई म्हणायची, चालली माहेरी. मतमोजणी झाली की सासरी परत. याखेरीज ते बाहेर निघायचं फक्त दसऱ्याला. पाटावर कोयता, पाभरीचा फाळ, ट्रॅक्टरची किल्ली आणि शेवटी ते. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, वरून तापीच्या पाण्याचे चार थेंब. मग आई गुळाचा खडा घेऊन प्रत्येकाला बोट लावायची. कोयत्याच्या धारेला, फाळाच्या टोकाला, रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या तोंडाला. वर्षभर यांनी कुणाचं वाईट करू नये म्हणून आधी गूळ द्यायचा, अशी आमच्या घरची रीत. मग बाबा ते उचलून आतल्या खोलीत घेऊन जायचे, दार लोटून घ्यायचे आणि बऱ्याच वेळाने बाहेर यायचे. पुसून ठेवत असतील, असं मी धरून चाललो होतो.

माघात ते गेले. सकाळी उसाला पाणी सोडायला गेले आणि पाटाच्या कडेला बसलेल्या जागीच गेले. मी रडलो नाही. हे मी मोठेपणाने सांगत नाही आणि लाजही वाटत नाही, कारण तेव्हा काहीच वाटत नव्हतं. अग्नी दिला, दहावं केलं, आलेल्यांना चहा विचारला. सोळाव्या दिवशी सरावाला गेलो. गावात बोलणं झालंच. होऊ दिलं.

एकदा आईने आमटीत मीठ घातलं नाही. मुद्दाम नाही, तिचंही लक्ष ठिकाणावर नव्हतं. मी दोन वाट्या प्यालो. तिने स्वतःच्या ताटावर बसल्यावर पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुले काही समजनं नही?"

मी म्हटलं, काय समजायचं? तिने उठून मिठाची वाटी माझ्यासमोर ठेवली. मी ती तशीच परत सरकवली.

वैशाखात हवालदार साहेब मला जिल्ह्याबाहेरच्या पंचवीस मीटरच्या रेंजवर घेऊन गेले. तिथे क्लबची हत्यारं असतात, देखरेखीखाली चालवून पाहता येतात. आधी चालव, मग रकाना भर, असं त्यांचं म्हणणं. पहाटेची एसटी, पुढे दुसरी एसटी, पुढे रिक्षा. वाटेत त्यांनी दोन केळी खाल्ली आणि बोअरविषयी एक शब्द काढला नाही.

आधी बावीस. काडतूस एवढंसं, करंगळीच्या पेराएवढं. आवाज टाळी वाजवल्यासारखा. धक्का जवळजवळ नाहीच, नळी जरा उचलते आणि माशी, म्हणजे टोकावरची नेमाची खूण, आपोआप जागेवर येते. एअर पिस्तुलावरून येणाऱ्याला हे घरचंच वाटतं, फक्त गोळी खरी. काडतुसं स्वस्त, म्हणून सराव पुष्कळ होतो, आणि पंचवीस मीटरचे बहुतेक खेळ बावीसवरच आहेत. साहेबांनी हे सगळं सांगितलं. मी वीस मारल्या. बऱ्या लागल्या. मला काही वाटलं नाही.

मग बत्तीस. हे सेंटर फायरच्या स्पर्धेचं पिस्तूल. काडतूस जाडजूड, गोळीचं नाक सपाट कापलेलं, त्यामुळे कागदावर ऑफिसातल्या पंचिंग मशीनने पाडावं तसं गोल स्वच्छ भोक पडतं. पहिली सुटली आणि धक्का मनगटातून कोपरापर्यंत आणि तिथून खांद्यापर्यंत गेला. छातीत कुठेतरी आपटला. माघानंतर माझ्या अंगात पहिल्यांदाच काहीतरी शिरलं होतं. मी लगेच दुसरी मारली. तिसरी. पाचव्या गोळीनंतर साहेबांनी टार्गेट जवळ आणून पाहिलं. पाच भोकं चहाच्या बशीत मावतील एवढ्यात होती. नवख्याच्या मानाने फारच चांगली.

ते खूश झाले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाठ करून पिस्तूल भरलं आणि परत दिलं. तीन गोळ्या सुटल्या, चौथ्याला चाप दाबला आणि नुसतं टक् झालं. पोकळ काडतूस मध्ये घातलं होतं. ही शिकवणाऱ्यांची जुनी युक्ती आहे. धक्का येणार म्हणून हात आधीच दचकतो आणि नळी खाली जाते. गोळी सुटली तर ते त्या गडबडीत लपतं, पोकळ काडतूस ते उघडं पाडतं. माझी नळी हललीसुद्धा नाही.

"मास्तर, तुम्ही दचकत नाही."

"चांगलंय की."

"चांगलं नाही. पहिल्या दिवशी बत्तीसला सगळे दचकतात. मीसुद्धा दचकलो होतो, आणि मी वीस वर्षांचा शिपाई होतो." त्यांनी पिस्तूल माझ्या हातून घेऊन रिकामं केलं. "तुमचा हात सध्या तुमचा नाही. हत्यार दहा-पंधरा वर्षांसाठी घ्यायचं असतं. आजच्या हातावरून बोअर ठरवू नका. ज्या दिवशी तुम्हाला परत वाटायला लागेल त्या दिवशी हे पिस्तूल तुम्हाला मानणार नाही. बावीस मानेल."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी एवढंच म्हटलं, "मला बत्तीसच हवंय. घरी आहेच बाबांचं."

परतीच्या बसमध्ये मी नियमांचं पुस्तक काढून बसलो. सेंटर फायरला किती बोअर चालतो, नळी किती लांब चालते, चापाला किमान किती वजन हवं. बाबांचं रिव्हॉल्व्हर सगळ्यात बसत होतं. मी ते वकिलासारखं साहेबांना वाचून दाखवलं. हेही त्यांना माहीत होतं की असल्या रिव्हॉल्व्हरची नळी आखूड, नेमाची खूण पक्की डकवलेली, वरखाली न होणारी, आणि चाप दाबताना अख्खा हात थरथरावा इतका जड. अंगाजवळ ठेवायचं हत्यार ते, कागद फोडायचं नव्हे. त्यांनी ऐकून घेतलं.

"नियमात बसतं म्हणजे हातात बसतं असं नाही, मास्तर," ते म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपले.

गाढवापुढे वाचली गीता, असं त्यांना वाटलं असणार. मी ठरवून टाकलं होतं. मला स्पर्धा नको होती, मला तो धक्का हवा होता. आणि तो बाबांच्याच हत्याराचा मिळाला तर अख्ख्या प्रकरणाला काहीतरी अर्थ येईल, अशी माझी समजूत.

नावावर करण्याआधी हत्यार चालू स्थितीत आहे का ते पाहून घ्या, असं ठाण्यातल्या कारकुनाने सुचवलं. भला माणूस. आषाढात दुपारी मी परवाना असलेल्या एका बंदूक मिस्त्रीला घेऊन ठाण्यात गेलो. कारकुनाने कपाटातून कापडात शिवलेलं पुडकं काढलं, लाख फोडली, कव्हर उघडलं. चामड्याला बुरशी होती. रिव्हॉल्व्हरवर मागच्या दसऱ्याचं कुंकू तसंच वाळलेलं.

मिस्त्रीने चक्र बाहेर काढायचा प्रयत्न केला. निघेना. तेल सोडलं, लाकडी मुठीने ठोकलं, मग निघालं. आत काडतूस नव्हतं. त्याने मागून बॅटरीचा उजेड टाकला आणि नळीच्या तोंडातून पाहिलं. मग माझ्याकडे दिलं. मी पाहिलं. काही दिसत नव्हतं. उजेड पलीकडून येतच नव्हता.

त्याने साफ करायची सळई मागून घातली आणि ठोकत गेला. तोंडातून काळं, दगडासारखं काहीतरी टेबलावर पडलं, बोटाच्या पेरापेक्षा मोठं. त्याच्या मागे गंजाचा भुगा, मेलेल्या मुंग्या आणि दोनतीन अक्षता. मिस्त्रीने तो तुकडा नाकाशी नेला.

"अहो, गूळ आहे हा."

कारकून हसला. मीही हसलो असेन.

"हसू नका," मिस्त्री म्हणाला. "दाबून भरलाय. थरावर थर आहेत. यातून कुणी गोळी सोडली असती तर नळी फुटून त्याच्याच हातावर आली असती. बोटं तरी गेलीच असती, डोळाही गेला असता." त्याने सळईने आतून खरवडून दाखवलं. गुळाला पाणी सुटतं, पाण्याने लोखंड खाल्लं होतं. "हे आता भिंतीवर टांगायचं. तेही बायका-पोरांपासून लांब."

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर ज्वारी निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, दसऱ्याला नळीत गूळ किती भरायचीस?

"मी नुस्तं बोट लावू," ती म्हणाली. सूप हलवायचं थांबली नाही. "दाबी दाबी भरेत ते तुन्हा बाबा. आतली खोलीमा बठीसन. पेन्सिलघाई."

"काबरं?"

"म्हनेत, मन्हा राग माले माहीत शे. एक ना एक दिन हात तिकडे जाईच. गया तर जावो, पन बंदूक चालाले नको." तिने खडा वेचून अंगणात टाकला. "बंदूक घरमा शे हाई लोकेस्ले समजनं, बस व्हयनं. असं म्हनेत."

शेजाऱ्याला धाक असावा म्हणून बाबांनी हत्यार आणलं, आणि स्वतःचा धाक वाटला म्हणून दरवर्षी त्याच्या नळीत गूळ ठासला. बूच मारलं की गोळी आतच राहील, असा त्यांचा हिशेब. नळी तुंबली की मागचा वायू दुसरीकडून वाट काढतो, हे मी दरवर्षी पन्नास पोरांना फळ्यावर काढून दाखवतो. घरात मास्तर बसला होता. एका शब्दाने विचारायचं. वीस वर्षं तो माणूस उशाशी अशी वस्तू घेऊन झोपला, जी दुसऱ्याच्या नव्हे तर त्याच्याच अंगावर फुटली असती, आणि त्याला वाटत होतं आपण सगळ्यांना वाचवलंय.

मला राग आला. खराखुरा, जुना, खडूच्या डब्यासारखा. मी उठलो आणि ओट्यावरची रिकामी बादली लाथेने अंगणात उडवली. कोंबड्या पळाल्या. आईने फक्त सूप जरा बाजूला घेतलं. राग पाच मिनिटं टिकला असेल. मग परत सगळं पूर्वीसारखं सपाट झालं. पण तेवढ्यात मला एक कळलं होतं. बाबांचा स्वतःच्या हातावर विश्वास नव्हता आणि ते त्यांनी मान्य केलं होतं. साहेब मला रेंजवर दुसरं काय सांगत होते?

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन मी सरकारजमाच्या कागदावर सही केली. कारकुनाने विचारलं, "वाईट वाटतंय का?" मी नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. त्याच टेबलावर बसून मी दुसऱ्या अर्जातला रकाना भरला. पॉइंट टू टू. अक्षर नीट आलं.

अर्ज कचेरीत गेला आणि तिथे बसला. दसरा आला तेव्हाही तो बसलेलाच होता. आईने पाट मांडला. कोयता, फाळ, किल्ली. शेवटची जागा रिकामी. ती त्या जागेकडे बोट करून मला म्हणाली, "तुन्ही ती लई ये. चिडीनी."

मी एअर पिस्तूल आणून ठेवलं. तिने हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. मग गुळाचा खडा घेऊन कोयत्याला बोट लावलं, फाळाला लावलं. पिस्तुलाशी आली तेव्हा मी तळहात नळीच्या तोंडावर धरला.

"तठे नको," मी म्हटलं.

ती तशीच वाकलेली राहिली, खडा हातात. रीत अर्धी सोडायची कशी, हे तिला समजेना. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, मी आ केला. बेचाळीस वर्षांचा बाप्या, पाटासमोर मांडी घालून तोंड उघडून बसलेला. तिने खडा माझ्या जिभेवर ठेवला आणि बोटाने आत ढकलला.

आमच्याच उसाचा गूळ. आमची काठाची जमीन काळी आणि चोपण, क्षार धरून राहणारी, तिथल्या उसाचा गूळ कधी नुसता गोड होत नाही. हे मी विसरलो होतो. आठ महिने मीठ कळलं नव्हतं, साखर कळली नव्हती. मी तो खडा जिभेवर फिरवला. परत फिरवला.

"खारट शे," मी म्हटलं.

आई पाटावरची फुलं सारखी करत होती. तिचा हात थांबला.

"तुन्हा बाबा बी दर दसराले हाईच सांगेत," ती म्हणाली.